उशिरा उतरणारा हात

२० ऑगस्ट

ती. आई,

पत्र लिहिताना आधी ऋतूबद्दल चार शब्द लिहावेत, हे तुम्हीच मला शिकवलंत. तर ऋतू असा आहे: दुपारी अजून अंगाची काहिली होते, पण पहाटे दारापुढच्या दगडी पाटात पाय बुडवला की पोटरीपर्यंत शिरशिरी जाते. परसातली वांगी संपत आली. लोणचं घातलंय. यंदाही दोघींच्या अंदाजानेच घातलं गेलं, त्यामुळे बरण्या उरल्या आहेत.

मागच्या दोन पत्रांना तुमचं उत्तर नाही. ती पोचली का म्हणून मी वृद्धनिवासात फोन केला होता. तिथली मुलगी म्हणाली, "आजी पत्रं वाचतात, घडी घालून उशीखाली ठेवतात, आणि मग दिवसभर आमच्यावर खेकसतात." खेकसताय म्हणजे तब्येत ठीक असणार.

घरी परत या, असं लिहायला हे पत्र घेतलेलं नाही. ते मी मागच्या दोन्ही पत्रांत लिहिलंय. हे पत्र परवानगी मागायला आहे.

रविवारी आपल्या पुलाकडच्या आळीची बैठक झाली. तुम्ही गेल्यापासून मुलींना नाच साकाए शिकवत होती, पण ती आता लेकीकडे राहायला गेली. उत्सव सप्टेंबरअखेर, भात कापायच्या तोंडावर, आणि मुलींना शिकवायला कोणी नाही. इवासे अध्यक्षांनी सगळीकडे नजर फिरवली आणि माझ्यावर आणून थांबवली.

"फुमिए, तू शिकव."

"मी? मी जन्मात नाचाची टोपी घातलेली नाही."

"घातली नसशील. पण नाड्या बांधत रांगेच्या मागे किती वर्षं चालतेस? पोरींच्या पाठी बघून बघून तुला सगळं पाठ झालं असेल."

लोक हसले, आणि हसण्यातच ते ठरून गेलं. आई, मी मासेमारांच्या गावाहून लग्न होऊन आलेली. सुनेने टोपी घालायची नाही, तिने नाचणाऱ्या मुलींच्या हनुवटीखाली लाल नाडी बांधायची, हा आळीचा रिवाज तुम्हीच मला पहिल्या शरदात सांगितला होता. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. म्हणजे, थोडं वाटलं होतं. तुम्ही चाळीसेक वर्षं ज्या जागी उभ्या राहिलात तिथे मी तुम्हाला न विचारता उभी राहणार नाही. "हो" किंवा "नको", एवढंच लिहा.

हायामिबद्दल तुम्ही विचारणार नाही, तरी सांगते. त्याचं पावाचं दुकान चालतंय. तुमच्या शूजींच्या वर्षश्राद्धानंतर मी त्यांचं तीन तारांचं शामिसेन त्याला, त्यांच्या शिष्याला, दिलं, आणि त्याच आठवड्यात तुम्ही बॅग भरलीत. त्याबद्दल मी क्षमा मागितलेली नाही. ते दिलं यात माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही, आणि खोटं लिहिलं तर तुम्हाला अक्षरावरून कळेल. भिंतीवर टांगून ठेवलं असतं तर एका पावसाळ्यात त्याचं कातडं फाटलं असतं. तो ते रोज वाजवतो. दुपारी पाव भट्टीत असताना. इथपर्यंत ऐकू येतं.

फुमिए


२ सप्टेंबर

ती. आई,

उत्तर नाही म्हणजे होकार, असं धरून मी शिकवायला सुरुवात केली. तुम्ही कशालाही "हो" म्हणाल्याचं मला आठवत नाही. नकार मात्र तुम्ही कधी उधार ठेवला नाहीत.

मुली सहाच आहेत. त्यांत मिनोरी थोरली, पंचवीसची. टोपीचं तिचं हे शेवटचं वर्ष, म्हणून ती सगळ्यांवर दादागिरी करते. ती मला "काकू" म्हणते, आणि मी चुकले की "काकूऽऽऽ" म्हणते.

पण एक अडचण आलीय, आणि ती तुमच्याशिवाय सुटणार नाही.

वरच्या बाजूचं फोटोवाल्यांचं घर रिकामं केलं, तेव्हा त्यात जुनी फिल्म सापडली. इवासेंनी सभागृहात चादर लावून सगळ्यांना दाखवली. आपलीच आळी, आपलाच उतार, पुलाचे कठडे लाकडी. टोप्यांत सगळ्यांचे चेहरे झाकलेले. आणि आई, त्या फिल्ममध्ये सगळ्यांचे डावे हात सरळ खाली येतात. कपाळाशी जातात आणि पाण्यासारखे उतरतात. आपल्याकडे हात छातीशी येऊन क्षणभर अडतो आणि मग उतरतो, तसं कुठेच नाही.

सभागृहात जी चुळबुळ झाली ती तुम्ही ऐकायला हवी होती. त्या अडणाऱ्या हातावर तर आपली आळी मिरवते. वर्तमानपत्रवाले दरवर्षी लिहितात, की वाऱ्याने लवणारं कणीस बघून थबकलेला शेतकरी म्हणजे पुलाकडच्या आळीचा हात. इवासे म्हणाले, "हे मधेच कुठून तरी घुसलंय. जुनं तेच अस्सल. यंदापासून सरळ करू." निम्मे लोक हो म्हणाले, निम्मे गप्प बसले. शेवटी, शिकवणारीने ठरवावं, असं ठरलं. जबाबदारी ढकलायची असली की मी या आळीची होते, हे बाकी खरं.

रांगेत चौथी मुलगी तुम्ही होतात. मी गुडघ्यांवरून ओळखलं. तुम्ही अजूनही जिना उतरताना तसेच वाकवता. अठरा वर्षांच्या असाल. तुमचा हात सगळ्यांत सुंदर उतरत होता.

आता जे लिहिते ते कोणाला बोललेले नाही. मी या घरात आले त्या पहिल्या हिवाळ्यात तुम्ही लोणच्याची बरणी माझ्यापुढे सरकवून म्हणालात, "नव्या सुनेला सवय हवी, उघड." तेव्हापासून या घरातल्या बरण्या मीच उघडते. फडकं पिळायचं झालं तर तुम्ही ते नळाला गुंडाळून उजव्या हाताने पिळता. तुमचं डावं मनगट वळत नाही, आई. मी कधी विचारलं नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं. पण नाचातल्या हाताचा आणि बरणीचा संबंध इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता. तो चादरीवरचा तुमचा हात बघताना आला.

काय शिकवू?

फुमिए


८ सप्टेंबर

आई,

तुमचं कार्ड मिळालं. दोन वर्षांतलं पहिलं अक्षर. ते मी देव्हाऱ्यात शूजींच्या फोटोपुढे ठेवलं, मग पुन्हा काढलं, मग पुन्हा वाचलं. वाचायला काही वेळ लागत नाही: "सरळ शिकव. ती माझी खोड होती. मुलींनी उचलली, मला मोडता आली नाही."

चाळीस वर्षं तुम्ही हे मनात घेऊन शिकवत होता? कोणी तुमच्या मुलींच्या हाताचं कौतुक केलं की तुम्ही उठून चहा करायला जायचात. मला वाटायचं, विनय.

सरळ शिकवते आहे. गावासाठी वरच्या आळीच्या वादकांनी केलेली एक सीडी आहे, तिच्यावर सराव चाललाय. हात बरोबर बसतो. मिनोरी म्हणते, "काकू, आता आपण सगळ्यांसारख्या दिसतो." ती तक्रार होती की कौतुक, ते मला कळलं नाही.

फुमिए


१८ सप्टेंबर

ती. आई,

हे पत्र लांब होणार. चष्मा लावा, आणि निवासातल्या त्या मुलीला वाचायला सांगू नका. स्वतः वाचा.

काल देवळाच्या आवारात वादकांबरोबरचा पहिला सराव होता. वांग्याचं लोणचं नेलं होतं, ते सगळ्यांत आधी संपलं. गेनझोकाका तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, पण अजून मांडीवर कोक्यू उभं धरून गज ओढायला लागले की पाठ ताठ होते. त्यांच्या शेजारी हायामि. पुढे मुली, टोप्या घालून.

सुरुवात चांगली झाली. मग हात उतरायची ती जागा आली. मुलींचे हात सरळ खाली आले आणि तिथे लटकत राहिले. सूर संपेचना. गज चालूच, शामिसेनही त्याच्यासाठी थांबलेलं. मुलींनी पुढचं पाऊल टाकलं आणि सगळी रांग विस्कटली.

गेनझोकाकांनी गज उचलला. "पोरींना कुठली बस पकडायचीय का?"

मिनोरी टोपीखालून म्हणाली, "आजोबा, तुम्हीच मध्ये पेंगलात. आमचे हात खाली येऊन म्हातारे झाले."

"या जागेवर मी तरणा असताना पेंगलो नाही, तो आता पेंगेन?"

"आता तर वय आहे तुमचं पेंगायचं!"

सगळे खूप हसले. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही. मग काका चिडले, मुली रुसल्या, आणि मी चहाची सुट्टी केली.

बार्लीच्या थंड चहाचा पेला घेऊन मी काकांजवळ पायरीवर बसले.

"काका, त्या जागी सूर तुम्ही लांबवता का?"

"लांबवतो की. हात उतरायचा असतो ना."

"कोणाचा हात?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना त्यांच्याच घराचा रस्ता विचारत होते. "त्सुयाचा. आणखी कोणाचा?"

आई, तुमचं नाव घेऊन ते पुढे जे म्हणाले ते मी जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"ती त्या हिवाळ्यात छपरावरचं बर्फ उतरवताना पडली. हाडवैद्याने हात बांधला, तो वाकडा बांधला. शरदात पुन्हा नाचायला उभी राहिली, कोणाला काही बोलली नाही. मी नवाच वाजवायला लागलो होतो, रांगेच्या मागे. माझा सूर संपला आणि तिचा हात अजून छातीशीच. उघडा पडला बघ हात. फार वाईट दिसलं. दुसऱ्या फेरीला मी गज थोडा लांब ओढला. हात उतरला, मग सूर सोडला. बस्स."

"तुम्ही त्यांना सांगितलंत कधी?"

"काय सांगायचं? तिने लपवलं होतं. तू लपवलेलं मला दिसलं, असं जाऊन सांगतात का कोणाला?"

मग त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. "शूजीला मात्र सांगावं लागलं. पोरगा हुशार, शिकताना भांडायचा. 'काका, हे तालात बसत नाही, इथे का थांबायचं?' म्हटलं, तुझ्या आईसाठी थांब. त्यानंतर नाही विचारलं त्याने."

हायामि पेले गोळा करायला आला होता. तो तसाच उभा राहिला. तुम्हाला तो बडबड्या वाटतो, आणि तो आहेच, पण तेव्हा त्याने आधी हातातले पेले पायरीवर ठेवले.

"म्हणजे ते खरं होतं?" तो म्हणाला. "मला शूजीदादांनी ही जागा शिकवली तेव्हा म्हणाले होते, 'इथे पुढे एक माणूस चाललंय. त्याला येऊ दे. मग पुढची तार छेड.' मला वाटलं, कलाकार लोक बोलतात असं. मी रोज भट्टीसमोर वाजवताना तिथे थांबतो. कोणासाठी, ते आज कळलं."

आई, शूजी मला हे कधीच बोलले नाहीत. आपण तिघं एका घरात राहिलो. तुम्ही मनगट लपवत होता, मी मुकाट्याने बरण्या उघडत होते, आणि ते वर्षातून तीन संध्याकाळी तुमच्यासाठी थांबत होते. जेवायला बसलो की बोलायचो ते पावसावर.

तुम्हाला वाटलं, तुमच्या खोडीने मुली बिघडल्या. पण हात एकटा कुठे अडला होता? त्याच्या मागे सूर थांबला होता, सगळी आळी एका दमात थांबली होती. ते शामिसेन मी परक्या माणसाला दिलं, म्हणून तुम्ही घर सोडलंत. त्याच्यावर अजून रोज दुपारी कोणीतरी तुमच्यासाठी थांबतं, आई. मी स्वयंपाकघरात ऐकते. मला इतके दिवस माहीत नव्हतं मी काय ऐकते ते.

तेव्हा तुमची आज्ञा मोडते. मुलींना हात पुन्हा उशिरा उतरवायला सांगितलाय. इवासेंना सांगितलं, "ठरवणारी मी आहे ना? ठरवलं." कारण कोणालाच सांगितलं नाही. गेनझोकाका आणि हायामि बोलणार नाहीत. मिनोरी म्हणाली, "काकू, एकदा अडवून, एकदा सरळ, पुन्हा अडवून. तुमचं नक्की काय चाललंय?" मी म्हटलं, "वादकांचं ऐक आणि नाच." ती बडबडली, पण पहिल्याच वेळी बरोबर बसलं. ज्यांना लहानपणी तुम्ही शिकवलं त्यांच्या हातातून ते गेलं नव्हतंच, मीच दहा दिवस दाबून धरलं होतं.

घरी या, असं या पत्रात लिहिणार नव्हते. पण या. न्हाणीघराची पायरी मी सुताराकडून ठेंगणी करून घेतली आहे. तुम्ही नसताना ती मला एकटीला कशाला ठेंगणी हवी?

फुमिए


२५ सप्टेंबर

आई,

आज उत्सवाचा दुसरा दिवस, आणि पाऊस. वाद्यांच्या कातड्याला पाणी चालत नाही, म्हणून सगळे वळचणीला बसलेत. मुली टोप्या मांडीवर घेऊन भाताचे गोळे खाताहेत. मी नाड्यांच्या टोपलीवर कागद ठेवून लिहिते आहे, अक्षराकडे बघू नका.

काल वृद्धनिवासाची बस येणार, हे मला कोणी कळवलं नव्हतं. तुम्हीच कळवू नका म्हणाल्या असाल.

बांधाबांधावर लाल लिली फुलल्या होत्या, वारा सुटला होता, रांग पुलावरून उताराला लागली होती. मी नेहमीसारखी रांगेमागे, कडेने चालत होते. पुढे दोरी बांधलेली, दोरीपलीकडे घडीच्या खुर्च्या, परगावचे लोक. त्यांत पहिल्या ओळीत तुम्ही. गळ्यात पाहुण्यांचा पिवळा पट्टा, गुडघ्यांवर निवासाची शाल. ज्या उतारावर तुम्ही हाताला धरून अर्ध्या आळीला चालायला शिकवलंत, तिथे कोणीतरी तुम्हाला पाहुणी म्हणून बसवलं होतं. शेजारचे आजोबा तुम्हाला माहितीपत्रक वाचून दाखवत होते. त्यांना काय उत्तर दिलंत ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी ते घडी करून खिशात घातलं.

मी रांग सोडून येऊ शकत नव्हते. तुम्हीच सांगितलंय, रांग चालत असताना नाडीवाली जागा सोडत नाही, घरी आग लागली तरी.

मग ती जागा आली. मुलींचे हात कपाळाकडून निघाले, छातीशी आले आणि थांबले. आणि तुमचा डावा हात शालीवरून आपोआप उचलला गेला. मी पाहिलं. गेनझोकाकांनीही पाहिलं, ते बरोबर तुमच्या समोर होते. आई, तुमचा हात आता पूर्वीपेक्षाही हळू उतरतो. काकांनी गज ओढला, ओढला, आता संपणार असं वाटलं तरी ओढत राहिले. हायामिने तार छेडायला उचललेलं बोट तसंच धरलं. टोप्यांखाली मुलींना काय दिसणार? पुढचीच्या टाचा. पण सूर सुटत नाही तोवर हात सोडायचा नाही एवढं त्यांना ठाऊक होतं. सगळा उतार थांबला. मग तुमचा हात शालीवर टेकला, आणि सूर सुटला.

मी तुमच्यापाशी पोचले तेव्हा आपल्यात हातभर अंतर होतं. काय बोलावं, ते मी दोन वर्षं ठरवत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. म्हणालात, "चौथीची नाडी सैल आहे."

मी धावले. खरंच सैल होती. बांधून वळून पाहिलं तोवर रांग वळणावर आली होती आणि तुम्ही दिसेनाशा झाल्या होतात. बस लवकर परतली म्हणे.

मिनोरीने टोपी काढली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. "काकू, आजोबा आज नक्की पेंगले होते. पण काय छान पेंगले हो!"

काका कोक्यूच्या तारा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

पाऊस उघडतोय. मुली उठल्या. जाते.

फुमिए


१ ऑक्टोबर

ती. आई,

ऋतूबद्दल: खाचरं रिकामी होऊ लागली, सकाळी तोंडातून वाफ निघेल असं वाटतं, अजून निघत नाही.

तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही लिहिलंय, "शनिवारी येते. त्या पाववाल्याला गाडी काढायला सांग. हळू चालव म्हणावं, मला घाटात मळमळतं." परत निवासात जाणार की नाही, ते लिहिलेलं नाही. मी विचारणार नाही. गादी उन्हात घातली आहे, दोन्ही चादरी धुतल्या आहेत, आणि एक बरणी अजून उघडलेली नाही.

निरोप द्यायला गेले तेव्हा गेनझोकाका हायामिच्या दुकानातच होते, गरम पावाची वाट बघत. हायामिला कार्ड दाखवलं. त्याने पिठाचे हात पुसून ते दोनदा वाचलं आणि घाबरला.

"हळू म्हणजे किती हळू, वहिनी? मागच्या गाड्या भोंगे वाजवतील."

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "वाजवू देत. तिला लागेल तेवढं हळू. तुला सवय आहे."

शनिवारी दहा वाजता पुलापाशी उभी राहते.

तुमची
फुमिए